कप्तानाचा भाजलेला हात

चहाचा कप ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. एका शॉटमध्ये कप अर्धा, पुढच्याच शॉटमध्ये काठोकाठ, आणि मधे ओतला कुणी म्हणाल तर कुणीच नाही. शूटिंगच्या वेळी पन्नास माणसं समोर उभी असतात, एकाच्याही लक्षात येत नाही. घरी सोफ्यावर लोळत बघणाऱ्याला मात्र ते बरोबर दिसतं आणि तो पत्र लिहितो. असली पत्रं येऊ नयेत म्हणून मला पगार मिळतो.

मालिका आहे अवकाशातली. तीस वर्षं झाली, सहाशेच्या वर भाग झाले. एक यान घराकडे निघालंय आणि अजून पोचलेलं नाही. लोक बघतायत तोवर पोचणारही नाही. एवढ्या पसाऱ्यात कुठला दरवाजा आत उघडतो, कुणाची आई कुठल्या ग्रहावर वारली, कप्तानाचा कुठला हात भाजला, हे सगळं एका जाड, कापडी बांधणीच्या वहीत लिहिलेलं असतं. आता तशा चौदा वह्या झाल्यात, पण आम्ही नुसतं 'वही' म्हणतो. मला सेटवर कुणी नावाने हाक मारत नाही. वहीवाला म्हणतात.

माझ्याआधी वही मावशींकडे होती. त्या नात्याने कुणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्याच होत्या. मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. त्यांचा नियम एकच होता: वहीत काही खरवडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. त्या स्वतः तसं करायच्या. त्यांच्या सगळ्या वह्यांत मिळून अशा अकरा रेघा आहेत, मी मोजल्यात.

आता मी काय केलं ते सांगतो. बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

एकोणचाळिसाव्या भागात यानाला आग लागते. कप्तान तापलेला लोखंडी दरवाजा उजव्या हाताने दाबून धरतो आणि मागची माणसं वाचतात. हात भाजतो, आणि तेव्हापासून त्या हातात कायम हातमोजा. दोनशे बाराव्या भागात तो सगळ्यांसमोर मोजा काढणार होता. महिनाभर जाहिराती चालल्या होत्या. त्या दिवशी मावशी दुसऱ्या सेटवर होत्या आणि वही त्यांच्या टेबलावर, दोन जिने वर. मला चढून जायचा कंटाळा आला. माझ्याकडे कप्तानाचा एक जुना फोटो होता, मेकअपच्या खोलीत मीच काढलेला. तो मेकअपवाल्याला दाखवला आणि म्हणालो, डावा.

फोटो मी आरशातला काढला होता.

कप्तानाचं काम करणाऱ्याला स्वतःला कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. नटाने वाक्यं लक्षात ठेवायची असतात, हात आम्ही. भाग दाखवला गेला आणि दुसऱ्या दिवशीपासून पत्रांची पोती यायला लागली. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली, कप्तान दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघतोय अशी. मोठे साहेब, म्हणजे आमचे निर्माते, यांनी सगळ्यांना वही घेऊन बोलावलं. माझ्या बायकोला सातवा महिना होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण तेव्हा मला ती सबब पुरली. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो, फोटो फाडला, वही उघडली, 'भाजलेला हात: उजवा' यातला 'उजवा' ब्लेडने खरवडला आणि मावशींच्या तिरक्या अक्षरात 'डावा' लिहिलं.

मीटिंगमध्ये मावशींनी ते पान बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मला वाटलं आता कागदावरून बोट फिरवतील आणि संपलं. त्यांनी बोट फिरवलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

"लिहिलंय तर मीच लिहिलं असणार," त्या म्हणाल्या. "मला मात्र उजवा आठवतोय."

मी त्यांची पिशवी धरून शेजारी उभा होतो. संध्याकाळी त्यांनी टेबल रिकामं केलं आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. जाताना मला म्हणाल्या, तू सांभाळून राहा, माझ्यासारखं होऊ देऊ नकोस. मी हो म्हणालो.

पुढे मावशींची बातमी बाहेर फुटली आणि प्रेक्षकांनी आणखी एक केलं. मालिकेतल्या कुठल्याही चुकीला ते 'मावशी' म्हणायला लागले. 'कालच्या भागात तीन मावश्या सापडल्या' असं पत्रात लिहायचे. आमच्या सेटवरही तो शब्द आला. नवीन पोरं हसून विचारायची, वहीवाले, आज किती मावश्या? मीही हसायचो. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच, आणि त्याची सवय होते.

यंदा तीस वर्षं झाली म्हणून मालिकेचं जाडजूड पुस्तक निघतंय. त्यात 'आमच्या लाडक्या मावश्या' नावाचं प्रकरण आहे. सोमवारी सकाळी त्याची छपाईची पानं माझ्याकडे तपासायला आली. पहिल्याच पानावर दोनशे बारावा भाग, मावशींचं पूर्ण नाव आणि त्यांचा फोटो. शुक्रवारी पुस्तक छापायला जाणार होतं. बायकोने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसली. "ही तुझ्याआधीची ना? बिचारी, आता जन्मभराचं नाव झालं." मी हो म्हणालो आणि अर्धा चहा तसाच टाकून निघालो.

आमच्या ऑफिसात जुने भाग बघायची एक खोली आहे. चौथ्या मजल्यावर, एका खिडकीची, लोखंडी कपाटांनी भरलेली. तिथल्या माणसाला आम्ही कुलूप म्हणतो, कारण तो हात धुवायला गेला तरी कुलूप लावून जातो. त्याच्याकडून जुनी वही मागून घेतली, ते पान काढलं आणि बावीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. 'डावा'वर रेघ मारली, शेजारी 'उजवा' लिहिलं, सही केली, तारीख घातली. मोठ्या साहेबांना दाखवायला पुरावा हवा म्हणून कुलूपला एकोणचाळिसावा भाग लावायला सांगितलं.

कप्तानाने दरवाजा डाव्या हाताने धरला होता.

आधी वाटलं चित्र उलटं आलंय. आरशाचा अनुभव मला होता. पण दरवाजावर रंगवलेला आकडा सुलटा होता. मग मी पुढचे-मागचे वीसेक भाग लावले. सगळीकडे मोजा डाव्या हातात. शेवटी दोनशे बारावा लावला, तर त्यात कप्तान मोजा काढतो तो उजव्या हातातला. कुलूप मागून म्हणाला, "इथेच तर मावशींनी घोळ घातला ना. वहीत उजवा लिहून ठेवला होता."

मी वही बघितली. 'भाजलेला हात: उजवा', मावशींच्या तिरक्या अक्षरात. रेघ नव्हती. माझी सही नव्हती, तारीख नव्हती. त्या जागी बोट फिरवलं तर कागद खरवडलेला लागत होता.

मी देवभोळा माणूस नाही. घरी जाऊन झोपलो नाही की कुणाला फोन करून रडलो नाही. रिटायर झालेल्या मेकअपवाल्याला मात्र फोन केला. तो वैतागला. म्हणाला, पहिल्यापासून डावाच, मी स्वतः रंगवलाय, तुम्ही लोक अजून तेच काय उगाळत बसता? त्याच्या मागे टीव्ही चालू होता आणि कुणीतरी त्याला जेवायला बोलवत होतं.

मंगळवारी मी कुलूपला समोर बसवलं. म्हटलं, मी आता वहीत बदल करतोय, नीट बघ. 'उजवा'वर रेघ मारली, 'डावा' लिहिलं, सही, तारीख. त्याला भाग लावायला सांगितला. कप्तानाने दरवाजा उजव्या हाताने धरला होता, मला आठवतं तसा. सगळीकडे मोजा उजव्या हातात. एकट्या दोनशे बाराव्यात डावा. वहीत मावशींच्या अक्षरात 'डावा'. रेघ नाही, सही नाही. म्हणजे मी वहीत काहीही लिहिलं की मालिका त्याच्या उलट फिरत होती आणि दोष होता तिथेच राहत होता, मावशींच्या नावावर.

"मी काय लिहिलं ते बघितलंस ना?" मी कुलूपला विचारलं.

त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "साहेब, तुम्ही दहा मिनिटं टोपण लावलेलं पेन हातात धरून बसला होता. बरं वाटत नाहीये का?"

कागद आता इतका पातळ झाला होता की खालच्या पानावरची ओळ त्यातून दिसत होती. परत पेन लावलं असतं तर भोक पडलं असतं. मी वही मिटली. कुलूपने ती माझ्या हातातून जरा घाईनेच घेतली आणि कपाटात ठेवली.

बुधवारी पुस्तक करणाऱ्या बाईंकडे गेलो. तरुण बाई, हुशार, मालिकेचे सगळे भाग तोंडपाठ. सरळ सांगितलं, की चूक माझी, मावशींची नाही, मी वही खरवडली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. म्हणाल्या, तुमच्या पिढीत वरिष्ठांबद्दल केवढा आदर होता! आणि प्रकरणाच्या शेवटी चार ओळी घातल्या, की वहीवाले आजही आपल्या गुरूची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार असतात. मी म्हणालो, तसं नाहीये हो. त्या म्हणाल्या, विनयसुद्धा घालते. त्यांच्या दारातून बाहेर पडताना मला स्वतःची इतकी किळस आली की लिफ्टच्या आरशात बघवेना.

आता उरल्या एकट्या मावशी. बाकी सगळं जग उलटंसुलटं होऊ दे, त्यांना कळलं पाहिजे की त्यांना आठवत होतं ते बरोबर होतं. एवढंच मला त्यांना परत द्यायचं होतं. गुरुवारी सकाळी सुट्टी टाकली. बावीस वर्षांत मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. पत्ता पगाराच्या जुन्या फायलीतून काढला.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार त्यांच्या सुनेने उघडलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं, पण तिने विचारलंच नाही. "या," म्हणाली, आणि आवाज खाली आणून, "आज त्यांना फार बोलायला लावू नका." मला वाटलं मावशी आजारी असतील.

आत जाताना बघितलं, प्रत्येक बटणाखाली, गॅसच्या मागे, दाराच्या कडीपाशी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'बंद केला, मी बघितलं.' 'कडी लावली, दोनदा बघितली.' ते तिरकं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

मावशी खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. समोर एक खुर्ची ठेवलेली होती, पलंगाकडे तोंड करून.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. जिन्याचा कंटाळा, आरशातला फोटो, ब्लेड, पिशवी धरून उभा राहिलो ते. तुम्हाला आठवत होतं तेच खरं होतं, मावशी, असं म्हणालो. मधेच रडायला लागलो. पन्नाशी उलटलेला माणूस, नाक पुसायला रुमालही नव्हता. त्यांनी उशीखालचा काढून दिला. धुतलेला, चार घड्या घातलेला.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी उशाची वही घेतली. साधी, शाळेतल्या पोरांची असते तसली.

"नोकरी गेल्यापासून सगळं लिहून ठेवते," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही ना." टोमणा नव्हता त्यात. तसा असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ह्या खेपेला कुठला हात म्हणालास?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी काही पानं मागे उलटली आणि वही माझ्या हातात दिली.

'गुरुवार. अकरा वाजता आला. निळा शर्ट, नवा, छातीवर दुकानातल्या घडीची रेघ. आरशातला फोटो म्हणाला. हात उजवा म्हणाला. पुस्तक उद्या छापायला जातंय म्हणाला. रडला, रुमाल दिला. माफ केलं म्हटलं. बरं वाटलं म्हणाला. चहा न घेता गेला.'

त्याच्या पुढे काही पानं औषधं, दूधवाला, गॅस. मग परत. 'गुरुवार. अकरा वाजता आला. निळा शर्ट, नवा.' सगळं तेच. हात मात्र डावा.

मग परत. हात उजवा.

पाच वेळा.

शर्ट मी काल संध्याकाळी विकत घेतला होता. त्यांच्यासमोर जायचं म्हणून.

"मावशी, मी बावीस वर्षांत पहिल्यांदा येतोय."

"हो," त्या म्हणाल्या. "असंच म्हणतोस."

स्वयंपाकघरात सुनेने नळ बंद केला. ती ऐकत असावी.

कुठला हात ते मी आठवून बघितलं. दरवाजा, आग, हात. दोन्ही हात दिसत होते. मी "उजवा" म्हणालो. त्यांनी वही माझ्याकडून परत घेतली आणि लिहिलं. मी खरं सांगितलं की खोटं, हे मला माहीत नव्हतं.

"आणि तुम्ही मला... दरवेळी माफ केलंत?"

मावशींनी लिहायचं थांबवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"पहिल्यांदा केलं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी मनापासून केलं होतं रे. आता नुसतं म्हणते."

मी खुर्चीत बसून राहिलो. तिथे बसायचं तोंड नव्हतं, तरी उठलो नाही.

"मान पुढे कर," त्या म्हणाल्या.

मी केली. त्यांनी खणातून लहान कात्री काढली. कॉलरपाशी थंड लागली. किमतीच्या चिठ्ठीचा प्लॅस्टिकचा दोरा राहून गेला होता, तो त्यांनी कापला. मग औषधाची एक रिकामी डबी उघडून त्यात टाकला.

डबीत तसलेच पाच होते.